‘हरिपाळ’ नावाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुतण्याचं नाव ‘हरिपाळ’ ठेवायचं ठरत आलं आहे. आम्ही मोर्शी तालुक्यातले, रिद्धपूर जवळच, घर महानुभाव पंथाचं. चक्रधरस्वामींचं आधीचं नाव हरिपाळदेव, त्यावरून आजीनं हे सुचवलं. सगळ्यांना आवडलंय, म्हणून दुसरं नाव सुचवू नका.

अडचण अर्थाची आहे. गोपाळ म्हणजे गाईंचं पालन करणारा, महिपाळ म्हणजे पृथ्वीचं. मग हरिपाळ म्हणजे हरीचं पालन करणारा? ते काही पटत नाही. आजी म्हणते, ‘हरी ज्याले पायते (म्हणजे पाळतो) तो.’ बहुव्रीही समास धरला तर तेही बसतं, आणि मला तेच गोड वाटतं. नेटवर नावांच्या यादीत नुसता ‘विष्णू’ एवढाच अर्थ देतात. काही जण देवगिरीच्या यादवांच्या हरपाळदेवाशी घोळ घालतात, पण तिथं ‘हर’ म्हणजे शंकर.

गावात, नातेवाइकांत विचारून झालं, या नावाचा कोणी सापडला नाही. जन्मनोंदणी झाली आहे. नाव वर्षभरात विनाशुल्क चढवता येतं, त्यामुळे घाई नाही.

जुनी महानुभाव नावं किंवा संस्कृत जाणणाऱ्यांनी सांगावं: आजीचा अर्थ व्याकरणाला धरून आहे का? आणि तुमच्याकडे आज कोणाचं नाव हरिपाळ आहे का, असल्यास कागदपत्रांवर ‘ळ’ लिहितात की ‘ल’?