मदत हवी आहे: आईच्या पहिल्या केमोथेरपीच्या दिवशी सोबत कशी करावी?

नमस्कार. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर येत्या सोमवारी माझ्या आईची (वय ६२) पहिली केमोथेरपी आहे. डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही औषधे दर २१ दिवसांनी, अशी चार वेळा द्यायची आहेत. डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचे असते आणि त्यानंतर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितल्यामुळे ती एक भीती तरी गेली. ताप १००.४ फॅरनहाइटपर्यंत चढला तर मध्यरात्रीही रुग्णालय गाठायचे, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावले आहे.

माझी खरी अडचण माणसांची आहे. दोन्ही मावश्या आणि आईच्या भजनी मंडळातल्या मैत्रिणी मायेने भेटायला येऊ म्हणतात, आणि आईलाही त्या हव्या आहेत. परंतु केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तातल्या, जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होत असल्याने तेव्हा घरी गर्दी नको, हे त्यांना न दुखावता कसे सांगावे? ज्यांनी हा पहिला दिवस रुग्ण म्हणून काढला आहे, त्यांनी कृपया हेही सांगावे की सलाईन चालू असताना शेजारच्या माणसाने बोलत राहिलेले बरे वाटते की नुसता हात धरून बसलेले. आई विचारल्यावर ‘मी ठीक आहे’ एवढेच म्हणते.