राज्यसभेच्या खासदाराचं प्रगतिपुस्तक: हजेरी आणि प्रश्न मोजून काही कळतं का?

रामबागकर:
बँकेतून निवृत्त झालो आणि एक उद्योग मागे लावून घेतला. मध्य प्रदेशातून राज्यसभेवर गेलेल्या अकरा जणांची मी वही ठेवतो. चार रकाने आहेत: हजेरी, विचारलेले प्रश्न, चर्चेत किती वेळा बोलले, खासगी विधेयकं (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली). माहिती राज्यसभेच्या संकेतस्थळावर आणि संसदेच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या पानावर उघडी पडलेली असते. कुणीही पाहावी, पण पाहतो कोण?

गेल्या रविवारी इथे इंदूरला, सानंद संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात यावरून जुंपली. मित्र म्हणाला, राज्यसभा म्हणजे पडलेल्यांची सोय, तिथे कोण काय करतं हे मोजून काय मिळणार? मी म्हणतो, मोजायची खरी गरज तिथेच आहे. लोकसभेच्या खासदाराला पाच वर्षांनी आपल्या दारात यावंच लागतं. इंदूरने सुमित्राताई महाजनांना लोकसभेवर १९८९ पासून आठ वेळा निवडून दिलं ते तोंडओळखीवर नाही. राज्यसभेवाल्याला मात्र आपण निवडतच नाही, आपले २३० आमदार निवडतात. तीन जागांची निवडणूक असली की ५८ मतांत माणूस सहा वर्षांसाठी दिल्लीला. २००३ पासून तो याच राज्याचा मतदार असावा ही अटही उरलेली नाही. पुण्याचे जावडेकर २०१४ मध्ये आपल्याकडून गेले, तामिळनाडूचे मुरुगन आपल्याकडून गेले. अट होती तेव्हा तरी काय, केरळचे ओ. राजगोपाल १९९२ ते २००४ आपलेच खासदार होते.

म्हणजे सामान्य माणसाच्या हातात उरले ते आकडे. माझं मत स्पष्ट आहे: सहा वर्षांत ज्याच्या नावावर शंभर प्रश्न नाहीत त्याला पुन्हा तिकीट मागायचा हक्क नाही. आणि लतादीदींचं नाव कुणी पुढे करू नका. इंदूरच्या शीख मोहल्ल्यात जन्मल्या याचा अभिमान मलाही आहे, पण १९९९ ते २००५ त्या सभागृहात फार थोडे दिवस दिसल्या, हेही तितकंच खरं.

वकीलसाहेब:
काका, वहीबद्दल आदर आहे, पण या हिशेबाने ज्योतिरादित्य शिंदे नापास होतात. जून २०२० मध्ये राज्यसभेवर गेले, जुलै २०२१ मध्ये मंत्री झाले. मंत्री हजेरीपटावर सही करत नाही आणि प्रश्न विचारत नाही, कारण उत्तर त्यालाच द्यायचं असतं. धर्मेंद्र प्रधान, मुरुगन यांचंही तेच. सही न करणाऱ्याला गैरहजर धरणं म्हणजे हेडमास्तरांना वर्गात बसले नाहीत म्हणून छडी मारण्यासारखं झालं.

रामबागकर:
मंत्र्यांना वहीत वेगळं पान आहे. एकतीस वर्षं लेजर सांभाळलंय, एवढं कळतं.

मनमाड लाईन:
मी रेल्वेच्या रतलाम मंडळात नोकरीला होतो, आता इंदूरला स्थायिक. प्रश्न या वस्तूकडे मी उलट्या बाजूने पाहिलंय, म्हणून लिहितो.

खासदार साधारण पंधरा दिवस आधी नोटीस देतो. ती मंत्रालयात जाते, तिथून मुंबईला झोनच्या मुख्यालयात, तिथून आमच्याकडे. फाईलवर ‘पार्लमेंट क्वेश्चन’ लिहिलेलं असलं की जेवणाचा डबा अर्धा टाकून उठायचं. लेखाशाखेकडून खर्च, बांधकामवाल्यांकडून किलोमीटर, सगळं आजच्या आज. प्रश्नाचा साचा ठरलेला: (अ) हे खरे आहे काय, (ब) असल्यास तपशील, (क) नसल्यास कारणे. साच्यात नाव बदललं की दुसरा प्रश्न तयार. इंदूर-दाहोद लाईन कुठवर आली, हा एकच प्रश्न किती जणांनी किती वेळा विचारला याची मोजदाद आम्ही सोडून दिली होती.

आणि उत्तर? पहिलं वाक्य माझ्या अजून पाठ आहे: रेल्वे प्रकल्प राज्यवार नव्हे, तर विभागीय रेल्वेवार मंजूर केले जातात, कारण ते राज्यांच्या सीमा ओलांडू शकतात. तिथून पुढे देशभरात किती किलोमीटर, किती कोटी. आपली लाईन शेवटच्या परिच्छेदात, तीही भूसंपादन, वनखात्याची परवानगी वगैरे अवलंबून. खासदाराच्या खात्यात एक प्रश्न जमा, काकांच्या वहीत एक रेघ.

इंदूर-मनमाडला २ सप्टेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. आता ही कुणाच्या रकान्यात टाकणार?

सुदामानगरची सून:
म्हणजे प्रश्न विचारूच नयेत? भाऊ, तुम्हीच सांगताय की फाईल आली की तुम्ही डबा टाकून उठायचात. एरवी उठला असतात? माझ्या मते काका बरोबर आहेत. उत्तर साचेबंद असलं तरी ते लेखी असतं, मंत्र्याच्या नावाने असतं, आणि उद्या मंत्री शब्द फिरवू लागला तर दाखवता येतं.

उलट माझी तक्रार वेगळी आहे. आमच्या कॉलनीमागचा नाला दर पावसाळ्यात अंगणात येतो. एका खासदारांच्या कार्यालयात तीन चकरा मारल्या. राज्यसभेचे, नाव लिहीत नाही. पहिल्यांदा सांगितलं अर्ज द्या, दुसऱ्यांदा लेटरहेडवर द्या, तिसऱ्यांदा म्हणाले हे लोकसभावाल्यांचं काम. सासूबाई म्हणाल्या, अगं नगरसेवकाकडे जा, त्याला निदान आपलं मत लागतं. वर्षाला पाच कोटींचा निधी असतो ना त्यांच्याकडे? त्याचा रकाना वहीत का नाही?

वकीलसाहेब:
ताई, नाल्याबद्दल वाईट वाटतं, पण दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. खासदार निधी १९९३ साली सुरू झाला. राज्यसभेच्या खासदाराला तो राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यात सुचवता येतो, इंदूरलाच द्यावा असं बंधन नाही. शिवाय तो फक्त सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासनाची. निधीतून सभामंडप बांधणं हे संसदेचं काम नव्हे. संसदेचं काम कायदा करणं आणि सरकारला जाब विचारणं. चांगला खासदार म्हणजे जास्त फरशा बसवणारा, हा समज आपणच पसरवलाय.

खरं काम जिथे होतं त्या जागेचा रकानाही काकांकडे नाही. संसदेच्या २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, त्यातले १० राज्यसभेचे. खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या तिथे तपासतात, सचिवांना समोर बसवून विचारतात. बैठक बंद दाराआड, कॅमेरा नाही, त्यामुळे तिथे पक्षाचा आवाज खाली येतो आणि माणूस वाचून येतो. एखादा सदस्य सभागृहात गप्प असेल आणि समितीच्या अहवालातली निम्मी दुरुस्ती त्याची असेल. तुमच्या वहीत तो ढ.

रामबागकर:
बंद दाराआड कोण काय करतं ते आम्हाला दिसत नाही, तरी विश्वास ठेवा? वकिलांना हे बरं पटतं. बँकेत कुणी म्हणालं असतं, साहेब, मी तिजोरीच्या खोलीत फार काम केलं, व्हाऊचर मात्र नाही, तर?

लष्करवाला:
ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून. मध्येच बोलतो, माफी.

अटलजी १९८४ ला आमच्याकडे माधवराव शिंद्यांकडून लोकसभा हरले, १९८६ ला मध्य प्रदेशातूनच राज्यसभेवर गेले. त्या आधी १९६२ मध्येही लोकसभा हरून राज्यसभेवर गेले होते. ‘मागल्या दाराने’ हा शब्द तेव्हाही वापरला गेला असेल. पण लष्करच्या वाड्यांतून आमचे वडील-काका त्यांचं भाषण दुसऱ्या दिवशी पेपरात शोधून वाचायचे. कुणी मोजलं नाही की आज किती प्रश्न झाले.

आणि तुमच्या इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर जन्मलेले बाबासाहेब? १९५२ ची लोकसभा हरले आणि मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. १९५४ ला भंडाऱ्यातही हरले. म्हणजे तुमच्या मित्राच्या भाषेत पडलेल्यांची सोय. सप्टेंबर १९५३ मध्ये आंध्र राज्याच्या विधेयकावर ते बोलले, ज्या संविधानाचे शिल्पकार म्हणून गौरव होतो तेच जाळायला आपण पहिले असू, इतकं तिखट. ते भाषण आज सत्तर वर्षांनीही लोक काढून भांडतात. तुमच्या वहीत त्या दिवसाची नोंद काय होईल काका? ‘चर्चेत सहभाग: एक’.

सुदामानगरची सून:
बाबासाहेबांचं उदाहरण देऊन आजच्या कुणालाही झाकता येतं, म्हणून ते मला पटत नाही. आजच्या सरासरी खासदाराबद्दल बोलू. शून्य प्रहरात तीन मिनिटं मिळतात, वेळ संपली की माईक बंद. विशेष उल्लेख म्हणजे २५० शब्दांचा कागद. मग मागून पाच-दहा जण उठतात, ‘मैं भी स्वयं को इससे संबद्ध करता हूँ’ आणि बसतात. एवढं तरी करतोय का, हे पाहायला वही लागतेच. बाबासाहेब नाहीत म्हणून हजेरीही नको?

लष्करवाला:
हजेरी ठेवा. निकाल हजेरीवर लावू नका, इतकंच. आणि खासगी विधेयकांचा रकाना तर काढूनच टाका. १९५२ पासून आजवर १४ खासगी विधेयकांचा कायदा झाला, शेवटचा १९७० साली. शुक्रवारी दुपारी अडीच तास असतात त्यासाठी, आणि तोवर निम्मे सदस्य विमानतळाच्या रस्त्याला लागलेले.

वकीलसाहेब:
इथे मी काकांच्या बाजूने. द्रमुकचे खासदार तिरुची शिवा यांचं तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेने २४ एप्रिल २०१५ ला मंजूर केलं. कित्येक दशकांत एखाद्या सभागृहाने मंजूर केलेलं पहिलं खासगी विधेयक. लोकसभेत ते पार पडलं नाही. पण सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि २०१९ ला कायदा झाला. तो कायदा शिवांना हवा तसा नव्हता, हा भाग वेगळा. आता हे ‘शून्य’ लिहायचं की ‘एक’?

रामबागकर:
मी ‘एक’ लिहितो, दाखल केलं की एक.

मनमाड लाईन:
मग खोडच तिथे आहे काका. दाखल केलं की एक, विचारला की एक. पुढे काय झालं ते नाही.

एक सुचवतो. रोज तारांकित प्रश्न पंधरा, अतारांकित १६०. अतारांकिताचं उत्तर कागदावर येतं आणि विषय संपतो. तारांकिताचं तसं नाही, तिथे सदस्याला उभं राहून पुरवणी प्रश्न विचारता येतात. आमच्या साहेबांची झोप उडायची ती पुरवणीने. छापील प्रश्नाचं उत्तर आम्ही आठवडाभर बसून तासून दिलेलं असायचं. पण सदस्य उठून म्हणाला, ‘भूसंपादनाची शेवटची नोटीस कोणत्या गावात कोणत्या तारखेला निघाली?’ तर मंत्री मागे पाहायचे आणि अधिकाऱ्यांच्या सज्जात चिठ्ठ्या उडायच्या. त्यासाठी पुरवणीच्या शक्यता धरून आम्ही जाडजूड टिपण पाठवायचो, तरी नेमकी तीच गोष्ट राहायची. ज्याने पुरवणी नीट विचारली त्याने उत्तर वाचलंय. ज्याने तोच प्रश्न पुन्हा वाचून दाखवला त्याने नाही. आणि नाव पुकारलं तेव्हा जो जागेवरच नव्हता, त्याचा प्रश्नही तुमच्या वहीत जमा आहे.

रामबागकर:
हे मला माहीत नव्हतं. म्हणजे पुरवणी असते हे माहीत होतं, प्रश्नकर्ता गैरहजर असला तरी प्रश्न त्याच्या नावावर राहतो हे डोक्यात आलं नाही. इतिवृत्त वाचावं लागेल. बरं. पाचवा रकाना आखतो, ‘पुरवणी’. समितीचाही सहावा आखेन, वकीलसाहेब, बैठकीतली हजेरी अहवालाच्या मागे छापलेली असते ना? मग बंद दार एवढंही बंद नाही.

शंभर प्रश्नांची अट मात्र मागे घेत नाही. साठ करतो फार तर.

वकीलसाहेब:
घासाघीस सराफ्यात करा काका, इथे नको.

सुदामानगरची सून:
आणि सातवा रकाना?

रामबागकर:
कसला?

सुदामानगरची सून:
नाला.