अश्वारूढ पुतळा: आरूढ कोण, पुतळा की माणूस?

राजवाड्यामागची
बारा वर्षांचा भाचा वॉशिंग्टनहून सुट्टीला साताऱ्यात आलाय. मराठी फाडफाड बोलतो, वाचताना मात्र अडखळतो. काल त्याने मोबाईलवर फोटो दाखवला. व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट चौकातली बाग, मधोमध जनरल अँड्र्यू जॅक्सन. घोडा मागच्या दोन पायांवर उभा, जनरलने टोपी काढून हात वर केलेला. ‘मावशी, ह्याला मराठीत काय म्हणायचं?’ मी ऐटीत सांगितलं, ‘अश्वारूढ पुतळा.’ अर्थ फोडून सांगितल्यावर पठ्ठ्या म्हणतो, ‘म्हणजे पुतळा घोड्यावर चढलाय? मग खालचा घोडा खरा आहे का?’ आमचे अण्णा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, ‘घोड्यावरचा पुतळा म्हण की सरळ.’ पण त्यानेही पोराची शंका फिटत नाही. जाणकारांनो, सोडवा.

ऱ्हस्वदीर्घ
पोराचं बरोबर आहे. आरूढ म्हणजे चढलेला, बसलेला. सिंहासनारूढ राजा असतो, सत्तारूढ पक्ष असतो, तसा अश्वारूढ माणूस असतो. काटेकोर बोलायचं तर ‘अश्वारूढ सेनापतीचा पुतळा’. आणि कृपा करून ‘रू’ दीर्घ काढा. गेल्या वर्षी एका कार्यक्रमाच्या फलकावर ‘अश्वरुढ’ वाचलं. एका शब्दात दोन चुका, वर झेंडूचे हार.

माणदेशी मेंढरू
काटेकोरपणा ठीक, पण मग ‘उभा पुतळा’, ‘बसलेला पुतळा’ ह्यांचं काय करणार? माणसाची ढब आपण सर्रास पुतळ्यालाच लावतो. एवढंच काय, पुतळा हा शब्दसुद्धा कितीदा गळतो बघा. रिक्षावाल्याला आपण ‘महाराजांपाशी सोडा’ म्हणतो. ‘महाराजांच्या पुतळ्यापाशी’ म्हणणारा पाहुणा समजावा.

खरी गंमत घोड्याची आहे. पुतळा कुणाचा म्हटलं की आपण स्वाराचं नाव घेतो, घोडा हिशेबातच नाही. अपवाद मुंबईचा. तिथे होता सातवा एडवर्ड, युवराज असतानाचा. लोकांनी त्याला बाजूला सारून नाव ठेवलं काळा घोडा. १९६५ साली तो पुतळा तिथून हलवून राणीच्या बागेत नेला. घोडा गेला तरी नाव हललं नाही. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा उभारला, पाठीवर स्वार नसलेला. आता सांगा, ह्याला अश्वारूढ म्हणता येईल? आरूढ व्हायला कुणी नाहीच!

अपशिंगेकर
आमच्या गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी, म्हणून दोन शब्द. जनरलला सेनापती म्हणावं का? अमेरिकेचा असेल तर जनरलच राहू द्या. ‘सेनापती जॅक्सन’ म्हटलं की शाळेतल्या नाटकातला वाटतो. आपल्याकडेही आधी सरनौबत होता, फारसी वळणाचा. १६७४ च्या राज्याभिषेकात सरनौबताचा सेनापती झाला आणि ते पद होतं हंबीरराव मोहित्यांकडे, कराडजवळच्या तळबीडचे. सुभेदाराचं उलटं झालं. एके काळी अख्ख्या सुभ्याचा धनी, आता पलटणीतला हुद्दा. आमच्या आळीत चार रिटायर सुभेदार सहज सापडतील, सुभा एकाकडेही नाही.

आणि घोड्यावर बसणं म्हणजे नुसतं चढणं नव्हे. त्याला मांड म्हणतात. मांड पक्की असली की घोडा उधळला तरी स्वार ढळत नाही. तुमच्या जॅक्सनची मांड पक्की दिसते, एक हात टोपीत गुंतलाय तरी. बाकी ‘स्वार’ हा शब्द सोपा, पण त्याची ‘स्वारी’ केली की घोटाळा. मोहीम पण स्वारी, आणि माझी आजी आजोबांना म्हणायची ती पण स्वारी. ‘स्वारी कुठं निघाली?’ म्हणजे आजोबा पायात चपला घालतायत. घोडा नाही, मोहीम नाही, निघालेत यवतेश्वरला चालत.

कंदी पेढा
घोड्याचे पुढचे दोन्ही पाय वर म्हणजे स्वाराला रणात मरण आलं, असं मी ऐकलंय. मग जॅक्सन लढाईत गेला का?

माणदेशी मेंढरू
नाही हो. १८४५ साली स्वतःच्या घरी गेला, म्हातारा होऊन. पायांचा हा नियम लोकांनी मागाहून बसवलेला आहे, शिल्पकार तो पाळत नाहीत. पाय वर ठेवण्यातली अडचण वजनाची असते. लाफायेटमधला घोडा १८५३ चा, क्लार्क मिल्सने केलेला, आणि खरोखर मागच्या दोन पायांवरच तोललेला. रशियात झार पीटरच्या पुतळ्यातल्या घोड्याला तिसरा टेकू म्हणून पायाखाली साप दिलाय.

तांब्याभांडी
धातूचं कुणीच बोललं नाही. पेपरवाले ‘कांस्य पुतळा’ लिहितात, बोलताना सगळे ब्राँझ म्हणतात, आणि शेजारचे काका ठामपणे ‘पितळी’. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, तेच कथील ज्याची कल्हई करतात. कांस्य हा संस्कृत शब्द, मराठीत त्याचं झालं कासं. काशाची वाटी आठवते का? माझी आई उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून त्या वाटीने घासायची. वाटी काळी पडली की म्हणायची, ‘बघ, उष्णता निघाली.’ त्या काशात कथील जास्त, साधारण पाचवा हिस्सा, म्हणून ते वाजतं खणखणीत पण आपटलं तर तडकतं. पुतळ्याच्या ब्राँझमध्ये कथील त्याच्या निम्म्यावर, दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे नात्याने सख्खी भावंडं, तरी ‘काशाचा घोडा’ म्हटलं तर लोकांना खेळणं वाटेल. कांस्य म्हणजे पदक, कासं म्हणजे वाटी, ब्राँझ म्हणजे पुतळा, अशी आपण वाटणी करून टाकलीय.

राजवाड्यामागची
सगळ्यांचे आभार. रविवारी पोराला प्रतापगडावर नेलं. महाराजांचा पुतळा दाखवला, १९५७ साली पंडित नेहरूंनी अनावरण केलं तेही सांगितलं. तो खाली उभा राहून बराच वेळ बघत होता. मग विचारलं, ‘इथं मांड पक्की आहे ना?’ म्हटलं, आहे.

घरी येऊन त्याने वहीत दोन्ही फोटो चिकटवले. खाली वळणदार अक्षरात लिहिलं: ‘महाराज, घोड्यावर’ आणि ‘जनरल जॅक्सन, घोड्यावर’. पुतळा शब्दच गाळला. ऱ्हस्वदीर्घ, तुमच्या नियमात बसतंय का बघा. अण्णांनी वही पाहिली आणि त्याला विचारलं, ‘घोड्याचं नाव काय रे?’ तेव्हापासून तो मोबाईल घेऊन बसलाय.