पाढे पाठ म्हणजे डोकं तल्लख? मग आमचे आबा बुडाले कसे?

गंगावेसकर
काल एका निवृत्त गुरुजींची पोस्ट फिरत फिरत आमच्या तालमीच्या ग्रुपवर आली. सार एवढंच: पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, बंद झाली आणि पोरांची बुद्धी गेली, जुन्या माणसांना सगळं तोंडपाठ, म्हणून त्यांचे निर्णय अचूक. खाली सगळ्यांनी हात जोडलेले. राहवलं नाही, म्हणून लिहितोय. लांबेल.

आमच्या आबांना अडीचकी अशी पाठ की गुळाच्या अडतीत मुनीम कागद काढेपर्यंत यांचा आकडा तयार. त्याच आबांनी 'दामदुप्पट' म्हणणाऱ्या एकाला बैलजोडीचे पैसे दिले. का, तर तो जोतिबाची शपथ घेतो आणि दोन पाहुण्यांना पहिलं व्याज वेळेवर मिळालंय. हिशेब येत नव्हता असं नाही. तो मांडावा असं वाटलंच नाही.

आणि आठवण म्हणजे तिजोरी नव्हे, ठेवलं तसं निघायला. प्रत्येक वेळी ती नव्यानं रचली जाते. १९७४ साली लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती. काहींना विचारताना शब्द वापरला 'आदळून चेंदामेंदा'. आठवड्यानं प्रश्न: काच फुटलेली पाहिली का? धडकल्यावाल्या ५० पैकी ७ जण हो म्हणाले, चेंदामेंदावाल्या ५० पैकी १६. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

माझंच सांगतो. २०१९ च्या महापुरात आम्ही घर सोडलं नाही, कारण २००५ ला पाणी तिसऱ्या पायरीवर थांबलेलं मला लख्ख आठवत होतं. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट पाणी म्हणजे धोका. तेव्हा गेलं ५५ च्या वर. शेवटी गच्चीवरून बोटीत बसलो.

चुलवाण
आबांचं वाचून वाईट वाटलं मर्दा, पण त्यात पाढ्यानं काय घोडं मारलं? आमचा गुळव्या, गूळ शिजवणारा, शाळेची पायरी चढला न्हाई. काहिलीतला फेस बघतो, पाण्यात थेंब सोडतो, गोळी दोन बोटांत फिरवतो आणि म्हणतो, "उतरवा." वाफ्यात ओतलं की गुळाचा रवा बरोबर बसतो. माझा इंजिनिअर भाऊ थर्मामीटर घेऊन उभा राहिला, त्याची एक काहील करपली. आता सांग, गुळव्याकडं हाय ती आठवण का बुद्धी?

शिकवणीवाली मावशी
मी गुरुजींच्या बाजूची. तीस वर्षं शिकवण्या घेतल्या. डोक्यात एका वेळी मावतं किती? मानसशास्त्रज्ञ मिलरनं १९५६ ला सात कप्पे सांगितले, पुढच्यांनी ते चारावर आणले. त्यातली एक जागा सात आठे किती यानंच अडवली तर पोरगं उदाहरण कुठं सोडवणार? चेस आणि सायमन यांनी १९७३ ला बुद्धिबळावर तपासलंय. खऱ्या डावातल्या सोंगट्या उस्तादाला एका नजरेत आठवतात, कुठंही मांडल्या तर त्याचं नवशिक्यासारखंच होतं. म्हणजे तल्लख डोकं म्हणजे साठवलेले डावच की. गंगावेसकर, आबा बुडाले ते लोभानं. पाढ्यांवर बिल फाडू नका.

गंगावेसकर
मावशी, लोभ म्हटलं की सुटलो काय? आणि चुलवाण, तुझा गुळव्या मान्य. पण काहिलीचा निकाल त्याच दिवशी वाफ्यात दिसतो, दामदुप्पटचा दोन वर्षांनी. कानेमन आणि क्लाइन हे मानसशास्त्रज्ञ, मनाच्या कौलावर विसंबावं का यात विरुद्ध गोटातले, तरी २००९ ला एकत्र लिहून इथंच आले: कामाला नेम असेल आणि चुकीचा चटका लगेच बसत असेल तरच मनाच्या कौलावर जावं.

समोरचा जिना
बाकीचं मला कळत नाही. २००५ ला पाणी तिसऱ्या पायरीवर? कुणाच्या? तुमच्या उंबऱ्याच्या आत होतं. तुझ्या आईनं पिठाचा डबा आमच्या माळ्यावर आणून ठेवला होता.

गंगावेसकर
पिठाचा डबा २०१९ चा. तू २००५ ला पुण्याला होतास, आम्हाला शिकवू नकोस.

समोरचा जिना
पुण्याला मी २००७ ला गेलो! जामदार क्लबपाशी पाणी आलं तेव्हा तुझी सायकल मी खांद्यावरनं आणली, ते सोयीनं विसरलास होय?

चुलवाण
सायकल कुठली? आधी पाढ्यांचं मिटवा की.

समोरचा जिना
थांबा हो. तुमच्याच बोळात मीटरच्या पेटीखाली तुझ्या वडिलांनी तैलरंगानं रेघ मारून २००५ लिहिलंय. आत्ता जाऊन फोटो काढला. खाली टाकतोय. तुझी तिसरी पायरी शोधून दाखव.

गंगावेसकर
बघितला. रेघ गुडघ्याच्या वर आहे, अक्षर बाबांचंच. पायरी माझ्या डोक्यात कुठनं आली, देव जाणे. पण घ्या, म्हणजे आठवण रचली जाते हे माझंच म्हणणं खरं ठरलं.

समोरचा जिना
हरून जिंकलो म्हणायचं! खासबागेच्या कुस्तीत पाठ टेकल्यावर असं बोललास तर लोक हसतील.

शिकवणीवाली मावशी
एक विचारू? २००५ ला घरात गुडघ्याएवढं पाणी शिरलं होतं, तर २०१९ ला कशाच्या भरवशावर थांबलात?

गंगावेसकर
मावशी, तुमचं पाढ्यांचं अर्धं मान्य करतो, तेवढ्यावर सोडा.

शिकवणीवाली मावशी
अर्धं नको. उत्तर द्या.

गंगावेसकर
आई म्हैस सोडून हलणार नाही म्हणाली. तिच्याशी दोन दिवस भांडलो, मग भांडायला वेळच उरला नाही. पायरीबियरी बहुतेक नंतर लोकांना सांगता सांगता आली असेल.

चुलवाण
म्हैस वाचली का?

गंगावेसकर
वाचली. समोरच्यांच्या जिन्यात वर चढवून बांधली होती. किती दिवस ते त्यालाच विचार, त्याला सगळं पाठ असतं.