पाषाणभेद: पानाची कड बघा

पाषाणभेद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बर्जेनिया या औषधी वनस्पतीच्या दोन जाती ओळखायला असं सांगतात: पान केसाळ तर बर्जेनिया सिलियाटा, गुळगुळीत तर बर्जेनिया स्ट्रॅची. तेवढ्यावर थांबू नका. हिमालयात सिलियाटाचीच काही झाडं अशी असतात की पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, लव फक्त कडेला. म्हणून कडेला भिंग लावा. स्ट्रॅचीच्याही कडेला लव असते, पण दाते ठळक, पान लहान, बुडाकडे निमुळतं. आणि ती वाढते बरीच वर, साधारण ३००० मीटरच्या पुढे. सिलियाटाचं पान मोठं, गोलसर.

आमच्या इंदूरला सियागंज बाजारात पाषाणभेद म्हणून जाड मुळांचे वाळके तुकडे मिळतात, त्यांवरून नुसत्या डोळ्यांनी जात ठरवू नये. ओळख विचारायला फोटो टाकताना पानाची कड जवळून घ्या, झाड किती उंचीवरच्या जागी आहे ते लिहा, अगदी कळकळीने सांगते.