मेरिदाहून मोटरसायकलवर मासे खायला: पहिली फेरी फसली, मदत हवी आहे

चाकणकर

मंडळी, कामानिमित्त जुलैअखेरपर्यंत मेरिदात आहे (मेक्सिको, युकातान राज्य). बायकोही सोबत आहे. रविवार मोकळा असतो. भाड्याने गाडी बघायला गेलो तर दुकानदाराने पुढे केली पल्सर एनएस २००! आयुष्य चाकणात गेलं, आणि इतक्या लांब येऊन गावचीच गाडी मिळाली. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सेलेस्तूनला निघालो. उकू, उनुक्मा, तेतीस (गावाचं नाव आहे, आकडा नव्हे), किंचिल आणि तिथून नाकासमोर समुद्र. सगळं मिळून ९५ किमीच्या आसपास. म्हटलं, दोन तासांत पोचू, मासे खाऊ, फ्लेमिंगो बघू, परत.

तेतीसच्या वेशीवर झाडाच्या सावलीत एक स्पीडब्रेकर होता. त्याला ना रंग, ना पाटी. पन्नासच्या वेगाने वर गेलो. बायको सीट सोडून उडाली आणि परत बसल्यावर जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढे दोन किलोमीटरवर मागचं चाक बसलं. उतरून पाहतो तर टायर टकला. "सगळं नवीन आहे" म्हणून दिलेली गाडी! रविवार असल्यामुळे पंक्चरवाला शोधण्यात दोन तास गेले.

किंचिलच्या पुढे रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ आणि दोन्ही बाजूंना खुरटं रान. उजवीकडून असा वारा, की गाडी सारखी डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या लेनमध्ये ढकलली जात होती. पोचायला साडेतीन वाजले. होड्या सगळ्या वाळूत ओढून ठेवलेल्या. बंदर बंद, फ्लेमिंगोच्या होड्याही बंद. ताटात आला तो मासा बर्फातला होता, हे पहिल्या घासालाच कळलं. अंधाराच्या आत परत यायचं म्हणून तासाभरात उठलो.

आता सांगा: आमचं नशीब फुटकं होतं की माझं गणित चुकलं? पुन्हा सेलेस्तूनलाच जावं की दुसरीकडे? या दिवसांत मागवायचं काय? आणि बायको मासे खात नाही, अंडं चालतं. तिचं काय करायचं?

---

सहाआणे

मासे खायला एकशे नव्वद किलोमीटर? प्रोग्रेसो पस्तीस किमीवर आहे, रस्ता चार पदरी आहे. गुपचूप तिथे जा.

---

खाडीकाठ

मेरिदात नऊ वर्षं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

प्रोग्रेसो वाईट नाही. पण ज्या दिवशी क्रूझ जहाज लागलेलं असतं त्या दिवशी किनाऱ्यावर जेवायला बसलात की टेबलाशी दर दोन मिनिटांनी कोणीतरी टोप्या विकायला येतो. जायचंच तर जहाज नसलेला दिवस बघून जा.

तुमचं गणित वाऱ्यात चुकलं. त्याला इथे नॉर्ते म्हणतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडून थंड हवेची लाट येते आणि आखात खवळतं. मग बंदर कप्तान लहान होड्यांना बंदर बंद करतो. होड्या गेल्या नाहीत तर ताजा मासा येणार कुठून? कोकणात पावसाळ्यात दर्यात कोणी जात नाही आणि आपण सुक्या बाजारावर भागवतो, तसंच. फरक इतकाच, की इथे हे दोन-तीन दिवसांचं असतं आणि अधूनमधून येतं. म्हणून शुक्रवारपासून वाऱ्याचा अंदाज बघायचा. नॉर्ते ओसरल्यावर लगेच दुसऱ्या दिवशीही जाऊ नका, खानावळी तेव्हा फ्रीजर रिकामा करत असतात. एक दिवस मध्ये सोडा.

मासळीचं वेळापत्रकही लक्षात ठेवा. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च मेरोला बंदी असते. मेरो म्हणजे आपला हेकरू. या दोन महिन्यांत कोणी "ताजा मेरो" म्हणाला तर हसून पुढचं पान उलटा. ऑक्टोपसचा हंगाम १ ऑगस्ट ते १५ डिसेंबर. इथला ऑक्टोपस याच द्वीपकल्पाच्या समुद्रात सापडतो. होडी इंजिन बंद करून वाऱ्यावर सोडतात, दोन्ही बाजूंना बांबू बाहेर काढतात आणि दोरीला खेकडा बांधून तळाशी फिरवतात. गळ नसतोच. ऑक्टोपस खेकड्याला मिठी मारतो आणि हावरटपणापायी सोडत नाही, तसाच वर ओढला जातो.

सध्या बोकिनेते मागवा, अख्खा तळलेला. पांढरं, गोडसर मांस, काटे मोठे, त्यामुळे त्रास नाही. सेलेस्तूनला खेकड्याच्या नांग्या मिळाल्या तर सोडू नका. आणि टिकिन शिक: मासा उभा चिरून त्याला शेंद्रीच्या बियांचं वाटण आणि आंबट संत्र्याचा रस चोळतात, केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर ठेवतात. हो, तीच आपली शेंद्री. आपल्याकडे कुंपणाला लावतात आणि विसरून जातात.

---

मोरीचा रस्सा

मी कांपेचेला (युकातानच्या शेजारी) होतो तेव्हा पान दे कासोन खाल्लं होतं. नावात पान म्हणजे पाव, पण पावाचा पत्ता नाही. मक्याच्या पोळ्यांचे थर, मध्ये घेवड्याचं वाटण आणि शिजवून कुस्करलेली मोरी, वरून टोमॅटोचा रस्सा. कासोन म्हणजे मोरीच. आमच्या आजीला दाखवलं असतं तर म्हणाली असती, मसाला कुठाय?

रोबालो दिसला तर घ्या, जिताड्याच्या वळणाचा असतो. सिएर्रा म्हणजे सुरमईची चुलत बहीण.

---

चाकणकर

@खाडीकाठ, डोळे उघडले. पण बायकोचं राहिलं. आणि त्या स्पीडब्रेकरांवर उपाय?

---

खाडीकाठ

वहिनींसाठी: पापाद्सुलेस. मक्याच्या पोळीत उकडलेलं अंडं आणि वर भोपळ्याच्या बियांची हिरवी चटणी. पण हे किनाऱ्यावर मिळेलच असं नाही, मेरिदात किंवा उनुक्माच्या बाजारात सकाळी विचारा. घेवड्याची उसळ दिसली म्हणून शाकाहारी समजू नका, ती बहुधा डुकराच्या चरबीत परततात. "सिन मांतेका?" म्हणजे चरबीशिवाय का, हे विचारायचं. सगळ्यात बरं, डबा न्या. कोणी काही म्हणत नाही.

स्पीडब्रेकरला इथे तोपे म्हणतात (तात्या टोपेंशी संबंध नाही). प्रत्येक गावात शिरताना एक आणि बाहेर पडताना एक आहेच असं धरून चाला. पुढची गाडी विनाकारण हळू झाली की कारण तेच. टाकी उनुक्मालाच भरा. हिरवा पंप साधा, लाल प्रीमियम. भरणाऱ्याकडून शून्य दाखवून घ्या आणि दोन-चार पेसो द्या. रोख रक्कम जवळ ठेवा. अंधारात चालवू नका, गुरं रस्त्यावर येतात. आणि टायर दुकानातच अंगठ्याने चाचपा, मालकाच्या चेहऱ्याकडे बघू नका.

माझं ऐकाल तर या वेळी सिसाल करा. उनुक्माहून उजवीकडे वळायचं, सगळं मिळून ५३ किमी. १८७१ मध्ये प्रोग्रेसो वसायच्या आधी इथलं मोठं बंदर हेच होतं. दोरखंडाचा धागा इथून जहाजांत चढायचा, म्हणून त्या धाग्याला जगभर सिसाल हे नाव पडलं. आपल्या बांधावरची घायपात त्याच कुळातली.

---

सहाआणे

म्हणजे घायपातीच्या गावाला जाऊन मासे. बरं.

---

चाकणकर

आजच जाऊन आलो, म्हणून लगेच लिहितोय.

नॉर्ते गुरुवारी गेला होता. दुसऱ्या दुकानातून गाडी घेतली (तीही पल्सर), टायरवर अंगठा फिरवला, नक्षी शाबूत होती. साडेआठला निघालो. तोपे मोजायला बायकोला सांगितलं, ती दर वेळी पाठीत एक बुक्की मारायची. उनुक्माच्या बाजारात तिला पापाद्सुलेस मिळाले. बाईंनी ताट हातात देताना सांगितलं की हिरवं तेल दिसतंय ते बियांचंच आहे, पिळून काढलेलं. बायकोने सगळं संपवलं आणि म्हणाली, जवसाच्या चटणीत अंडं घातल्यासारखं लागतं. हे कौतुक होतं.

सिसालला अकराच्या आत पोचलो. धक्क्यावर होड्या परत आलेल्या, पेलिकन माणसांपेक्षा जास्त. खानावळीत पोऱ्याने परातीत तीन मासे आणून दाखवले, मी बोकिनेते निवडला. डोळे स्वच्छ, कल्ले लालभडक. तळून आला तेव्हा शेपटी कुरकुरीत, आत मऊसूत. सोबत श्नीपेक: कांदा, टोमॅटो, आबानेरो मिरची आणि आंबट संत्र्याचा रस. माया भाषेत अर्थ कुत्र्याचं नाक, कारण खाल्ल्यावर आपलंही तसंच ओलं होतं. बायकोने डब्यातल्या पोळी-बटाट्याबरोबर अर्धी वाटी संपवली. पोऱ्या आतून आचाऱ्याला बोलावून घेऊन आला, बघ म्हणून. तिने डोळे पुसत जाहीर केलं, की आपला ठेचा बरा, पण हे चालेल.

तीनला निघालो, उजेडात घरी. गाडीला ओरखडाही नाही.

@खाडीकाठ, तुमच्यामुळे झालं. आता शेवटचा प्रश्न. माझं काम ३१ जुलैला संपतं आणि ऑक्टोपस १ ऑगस्टला सुरू होतो. मॅनेजरला पटेल असं एखादं कारण सुचवा.