के१०चा मागचा शाफ्ट तुटला, १४-बोल्ट टाकावा का?

जुनी_पिकअप:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९८४ची शेवरले के१० ही फोर-व्हील पिकअप आहे, वडिलांच्या हातची. ३५० इंजिन, एसएम४६५ गिअरबॉक्स, एनपी२०८ ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारी पेटी). पुढे-मागे साडेआठ इंची १०-बोल्ट एक्सल (झाकणाला १० बोल्ट), रेशो ३.७३, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला जॉइंट शाफ्टचे ३.७३ फेरे. तीन वर्षांपूर्वी मी गाडी ४ इंच उचलली आणि ३५ इंची टायर घातले. एक्सलना मात्र हात लावला नाही.

गेल्या आठवड्यात हौद्यात दगड भरून चढ चढत होतो. फोर-लो (चारही चाकांना जोर, सगळ्यात हळू), पहिला गिअर. मागचं उजवं चाक दोन खडकांच्या बेचक्यात बसलं. मी थोडा ॲक्सिलरेटर दिला आणि खण्णकन आवाज आला. वाटलं जॉइंट शाफ्टचा क्रॉस (सांधा) गेला. उतरून पाहतो तर ड्रम बॅकप्लेटपासून चार बोटं बाहेर आलेला, लायनर उघडे पडलेले, ब्रेक ऑइल टायरवरून ओघळतंय. शाफ्टचा तुकडा घेऊन चाक हाउसिंगमधून बाहेर निघालं होतं. मुलगी शेजारच्या सीटवर होती. हे भरधाव रस्त्यावर झालं असतं तर, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

त्याच पिढीच्या, जास्त ओझ्याच्या के२० पिकअपचा मागचा १४-बोल्ट फुल फ्लोटिंग एक्सल मिळतोय, ४.१० रेशोचा. तो टाकून पुढचा आहे तसा ठेवला तर चालेल का? की १०-बोल्टमध्येच चांगल्या पोलादाचा शाफ्ट घालून भागेल? वेल्डिंग मला येतं, क्राउन-पिनियन (एक्सलमधली, रेशो ठरवणारी दातेरी चाकं) कधी लावलेलं नाही.

खडकवाट:
अर्धं काम करू नकोस भाऊ. मागे १४-बोल्ट, पुढे आणखी भारी के३० पिकअपचा किंगपिनवाला डेना ६० एक्सल, एकदाच काय ते करून टाक. माझ्या गाडीत हीच जोडी आहे. ३७ इंची टायर घालूनही शाफ्टची काळजी राहिलेली नाही.

ग्रीसहात:
मुलगी सुखरूप आहे ना, मग बाकीचं सगळं दुरुस्त होतं.

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नवा शाफ्ट घालून भागणार नाही. शाफ्ट का तुटला यापेक्षा तुटल्यावर चाक बाहेर का आलं, हे बघ. तुझा मागचा एक्सल सेमी-फ्लोटिंग आहे. त्यात शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. वर तो आत धरून ठेवायला डिफरन्शियलमध्ये एक छोटी सी-क्लिप, एवढंच. शाफ्ट मधे तुटला की बाहेरच्या तुकड्याला कुणी धरलेलं नसतं. पोलाद कितीही भारी घाल, ही रचना तीच राहते. १४-बोल्टमध्ये हब स्वतःच्या दोन टेपर बेअरिंगवर स्पिंडलवर (हाउसिंगच्या टोकाच्या नळीवर) बसतो. सगळं वजन हाउसिंगवर, शाफ्टला फक्त पीळ सोसायचा. तो तुटला तरी चाक जागेवर राहतं. फ्लँजचे ८ बोल्ट काढून शाफ्ट बाहेर ओढता येतो, जॅकसुद्धा लावावा लागत नाही. मी एकदा माळावर तुटलेला तुकडा काढला, फ्लँज परत कसली आणि पुढच्या एक्सलच्या जोरावर घरी आलो. घरची माणसं बसतात त्या गाडीला मागे फुल फ्लोटिंगच हवा, हे माझं ठाम मत आहे.

जोराचा हिशेबही एकदा कर. तुझा पहिला गिअर ६.५५, ट्रान्स्फर केसचा लो २.६१, एक्सल ३.७३. गुणाकार जवळजवळ ६४. इंजिनाचा टॉर्क ६४ पट होऊन खाली येतो. टायर लहान असताना चाक घसरायचं आणि शाफ्ट वाचायचा. आता मोठा टायर आणि वर दगडांचं वजन, चाक घसरतच नाही, मग पीळ शाफ्टमध्ये जिरतो. त्यात गाडीचा दोष नाही. शाफ्टची जाडी पाव पट वाढली की पीळ सोसायची ताकद जवळपास दुप्पट होते, म्हणून १४-बोल्टचा दीड इंची शाफ्ट एवढा टिकतो.

आता पुढचं. आहे तसा ठेवून चालणार नाही, पण कारण ताकद नाही, रेशो आहे. मागे ४.१० आणि पुढे ३.७३ म्हणजे १० टक्क्यांचा फरक. कोरड्या कठीण जमिनीवर फोर-व्हील लावलीस की दोन एक्सल एकमेकांशी भांडणार, ट्रान्स्फर केस आवळून बसणार, लिव्हर निघणार नाही. शिवाय पुढे ६ नटांची चाकं, मागे ८ नटांची, म्हणजे दोन स्टेपन्या.

खडकवाट यांची जोडी उत्तम आहे, पण त्यांचं काम खडकांवर चढायचं आहे आणि तुझं ओझं वाहायचं. त्याच के२०चा पुढचा एक्सल अजून तिथे असेल तर जोडीनेच उचल. ८ नट, रेशो मागच्याशी जुळलेला, पाट्यांच्या बैठका तुझ्या चासीला बसतात आणि क्राउन-पिनियनला हात लावावा लागत नाही. डेना ६० पुढचं काही तुटेल तेव्हा बघू.

घेताना दोन्हींची झाकणं उघडून बघच. क्राउनला ४१ दाते आणि पिनियनला १० असतील तर ४.१०, ४१ आणि ११ म्हणजे तुझाच ३.७३. टॅगवर विसंबू नकोस, आतला माल कुणीतरी बदललेला असू शकतो. तळातलं ऑइल बोटावर घेऊन चोळ. राखाडी पेस्ट चालेल, पण नखाला टोचणारे कण लागले तर तो एक्सल सोडून दे.

जुनी_पिकअप:
ग्रीसहात काका, मनापासून आभार. काल जाऊन आलो. पुढचा एक्सल तिथेच होता. झाकणं उघडून दाते मोजले, दोन्हीकडे ४१ आणि १०. मागच्या ऑइलमध्ये फक्त राखाडी पेस्ट आहे. दोन्ही ठरवून टाकले. बसवताना कुठे चुकायची शक्यता जास्त?

ग्रीसहात:
पिनियनच्या कोनात. १४-बोल्टचं नाक (पिनियनचा पुढे आलेला भाग) लांब असतं, त्यामुळे मागचा जॉइंट शाफ्ट बहुतेक कापावा लागेल. क्रॉसचं माप दोन्ही टोकांना वेगळं निघालं तर जोड-क्रॉस मिळतो. पण शाफ्ट कापायला देण्याआधी गाडी चारही चाकांवर उभी कर, पाट्यांवर वजन येऊ दे आणि मग माप घे. गाडी ४ इंच उचललेली आहे म्हणून हे जास्त सांगतोय. पिनियन ट्रान्स्फर केसच्या आउटपुटला समांतर हवं, नाक एक-दोन अंश खाली ठेव, कारण जोर लागला की पाटे पीळ खातात आणि नाक वर उचललं जातं. बैठक तोडून फिरवावी लागली तर आधी नुसते टाके मार, गाडी परत खाली घे, कोन तपास आणि मगच पूर्ण वेल्ड कर. हाउसिंगच्या मधल्या बिडाच्या भागावर काही वेल्ड करू नकोस.

ब्रेकही विसरू नकोस. मागचे व्हील सिलिंडर मोठे आहेत, मास्टर सिलिंडर के२०चाच घाल. हँडब्रेकची केबलही तिथूनच काढून आण, तुझी बसणार नाही. आणि एक्सल बदलला म्हणून दरवाज्यावरच्या पट्टीवर लिहिलेलं वजन वाढत नाही. चासी तीच आहे, दगड तेवढेच भर.

खडकवाट:
काकांचं पटलं. मी स्वतः कोन न मोजता शाफ्ट कापला होता, दोन महिन्यांत क्रॉस खाल्ले. माझा कोन मोजायचा गेज रिकामा पडलाय, हवा असेल तर निरोप टाक, पाठवतो.